आवाजाच्या बटणातलं हळदकुंकू

सोमवार, ८ नोव्हेंबर १९३७

पुन्हा खर्रर्र! आवाजाचं बटण जरा डावीकडे घ्यावं, तर मुंबईहून बातम्या सांगणारा गृहस्थ पापड खात खात बोलतोय असं वाटतं. उजवीकडे घ्यावं, तर तोच गृहस्थ एकदम गल्लीभर किंचाळतो. मधे धड अशी जागाच नाही. श्रावणात केवढ्या थाटानं आणला हा रेडिओ — टांग्यातून, मांडीवर घेऊन, वर शाल पांघरून! निरू तान्ही असताना तिलासुद्धा यांनी असं कधी मांडीवर घेतलं नव्हतं.

यांचं निदान झालेलं आहे. "खुंटी बिघडली." जगात जे जे फिरवायचं असतं ती यांच्या लेखी खुंटी. दिलरुब्याच्या खुंट्या पिळल्या, संगीतशाळेतली पोरं पिळली, घरात मी होतेच. आता रेडिओ.

मंगळवार, ९ नोव्हेंबर

निरूचं पत्र! सत्तावीस तारखेला, शनिवारी संध्याकाळी, मुंबई स्टेशनवरून ती पंधरा मिनिटं गाणार! वाचता वाचता कढी उतू गेली. गेली तर गेली.

सासूबाईंना एकच काळजी — गाण्याआधी पोरीला कुणी वेळेवर जेवायला घालेल ना. घालेल. गिरगावात माझा सख्खा भाऊ आहे, त्याच्याकडेच ती वर्षभर राहते आहे, उपाशी ठेवलेली नाही.

यांनी पत्र वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलणार. बोलले ते असं: "समोर बसली की मी बाप होतो. रेडिओवर नुसता स्वर येईल. तो पक्का असेल तर अजून दोन वर्षं तिथे शिकू दे. कच्चा असेल तर परत आणायची आणि वाघोडियाला होकार कळवायचा."

वाघोडिया म्हणजे तिथल्या कचेरीतला पद्माकर. स्थळ शेजारच्या तात्यासाहेबांनी आणलेलं. वर्षभर शिकून झालं, पुढे काय — हा प्रश्न सगळ्या दिवाळीभर फराळाच्या ताटात बसून होता. आता सुटला म्हणायचा! माझ्या मुलीचं पुढचं सगळं आयुष्य या खरखरणाऱ्या बटणातून गाळून येणार.

मी म्हटलं, आधी सेट तरी नीट करा. त्यांना ऐकू आलं नाही. मी बोलले की येत नाहीच.

गुरुवार, ११ नोव्हेंबर

रावपुऱ्यातून चंदुलाल येऊन गेला. त्याच्या पाटीवर "रेडिओ इंजिनियर" असं आहे. परवापरवापर्यंत त्याच पाटीवर सायकली होत्या. रंग पातळ लागलाय, खालचं चाक अजून दिसतं.

चंदुलालनं सेटला आधी डावीकडून थापट्या मारल्या, मग उजवीकडून. कान लावला. डोळे मिटले. हकीमसुद्धा नाडीला इतका वेळ लावत नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बेन, वाल्व नरम पडी गयो छे. मुंबईथी मंगाववो पडशे." कधी येईल विचारलं तर म्हणतो, आवे त्यारे — येईल तेव्हा! मी म्हटलं, भाई, बटण फिरवलं की खरखरतं, नाही फिरवलं की नाही खरखरत, मग त्यात आतला काचेचा वाल्व कुठून आला? तर यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चारचौघांत तंबाखू मागितली.

चंदुलालनं चहा घेतला, चेवडा घेतला, उरलेल्या चेवड्याची स्तुती करून तोही घेतला, आणि गेला. सेट जागच्या जागी, खरखरही जागच्या जागी.

शुक्रवार, १२ नोव्हेंबर

आज तात्यासाहेबांचं निदान. हे आमचे शेजारी. हुजूर कचेरीतून निवृत्त झाले, पण शेरा मारण्याची सवय सुटलेली नाही. रोज संध्याकाळी बातम्या ऐकायला येतात आणि बातम्या चालू असताना बोलतात. त्यांच्या मते वाल्वबिल्व काही नाही, फिरणारी वस्तू कोरडी पडली की कुरकुरते, तेव्हा तेल! आमच्या शिवणयंत्राची कुपी त्यांनी स्वतः मागून घेतली आणि बटणाच्या फटीत चांगली धार सोडली. आमचे हे बाजूला कंदील धरून उभे. दिवा चालू असताना कंदील कशाला, ते मी विचारलं नाही.

शनिवार, १३ नोव्हेंबर

तेलानं खरखर गेली. आता गुरगुर आहे.

सोमवार, १५ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न. मुहूर्त साधून वाघोडियाची मंडळी हजर — पद्माकर आणि त्याची आई. ऊस आमचा, आवळे आमचे, लग्न तुळशीचं, आणि डोळे सगळे निरूच्या फोटोवर.

मुलगा वाईट नाही, हेच वाईट आहे. नाव ठेवायला कुठे जागाच ठेवत नाही. विचारलं की "हो" म्हणतो, वाढलं की खातो. आई मात्र दोघांचं बोलते. गाण्याचा विषय मीच काढला. त्या हसल्या आणि मोठ्या मनानं म्हणाल्या, "मंगळागौरीला म्हणू देऊ की. आम्ही काही अगदी जुन्या वळणाचे नाही."

वर्षातून एकदा, तेही फुगड्या घालून दमलेल्या बायकांसमोर! यासाठी पोरगी पहाटे उठून षड्ज घोटते आहे. मी आवळ्याची फोड तोंडात टाकली, म्हणून वाचल्या.

हे त्या बाईंकडे मान हलवत बसले होते. नंतर मी विचारलं, त्या काय म्हणाल्या कळलं ना? तर म्हणे, कशाबद्दल? बघा! भावी विहिणीचंसुद्धा ऐकत नाहीत. मला वाटायचं हा मान फक्त माझाच.

बुधवार, १७ नोव्हेंबर

स्वारी सध्या भयंकर. तारा गंजल्या, हवा सर्द, गज घासून घासून बोथट झाला, तारवाला चोर, शिष्य गाढव. यांना सोडून घरातलं सगळं बिघडलेलं आहे.

दुपारी दुर्गा शिकायला आली होती. गरीब मुलगी, पार पाणीगेटहून चालत येते. तिला नुसती तार लावायला बसवली. लाव. परत लाव. अजून नाही लागली, परत लाव! शेवटी डोळ्यांत पाणी आलं पोरीच्या. जाताना स्वयंपाकघराच्या दारात थांबून मला हळूच म्हणाली, "काकू, तार लागलेलीच होती हो." मी तिला लाडू दिला आणि मनात म्हटलं, आजकालच्या शिष्यांना गुरूपेक्षा जास्त कळायला लागलं.

गुरुवार, १८ नोव्हेंबर

मुंबईहून वाल्व आला नाही. चंदुलालही दिसत नाही. त्याच्या दुकानासमोर एक सायकल उलटी टांगलेली पाहिली.

शुक्रवार, १९ नोव्हेंबर

सापडलं!

सकाळी सेटवरून फडकं फिरवत होते, तर तेलाच्या कृपेनं आवाजाचं बटण सुळकन उपटून हातात आलं. मागे पाहते तो काय — पिवळा-लाल चिखल! बोटाला लागला. हुंगला. हळद!

मग सगळं डोळ्यांसमोर आलं. खंडेनवमी. लढवय्यांच्या घरी तलवारी पुजतात, आमच्याकडे दिलरुबा, तानपुरा आणि तबल्याची जोडी. यंदा सासूबाईंनी रेडिओलाही पाटावर बसवलं होतं. गंध, फूल, वस्त्रमाळ सगळं यथासांग. प्रत्येक बटणाला हळद आणि कुंकू, आणि आवाजाच्या बटणाला चिमटीनं नाही, चांगलं मुठीनं! का, तर आवाज तिथून निघतो, म्हणजे सरस्वती तिथेच बसलेली असणार. वरून अक्षता. वरून पळीभर पाणी शिंपडलं ते वेगळंच. तेव्हापासून ही खरखर! चंदुलालचा वाल्व काय, तात्यासाहेबांचं तेल काय — तेलानं तर हळदकुंकवाचा लेप केला नुसता. नवरीला लावावा असा.

सासूबाईंना दाखवलं. त्या डगमगल्या नाहीत. इतकी वर्षं दिलरुब्याला हळदकुंकू वाहते आहे, तो कधी बिघडला का, असं त्यांनी मलाच विचारलं. मुंबईच्या वस्तूला आपली पूजा सोसत नसेल तर तो वस्तूचा दोष.  

शनिवार, २० नोव्हेंबर

हे शाळेत गेल्याबरोबर मी पदर खोचला. सासूबाई दारात पहाऱ्यावर. आपल्या हातून झालंय हे त्या कबूल करणार नाहीत, पण तात्यासाहेब येताना दिसले की खोकायचं, एवढं त्यांनी मान्य केलं.

आधी प्लग काढला. तेवढी अक्कल मला आहे. मागच्या फळीचे स्क्रू भाजीच्या सुरीनं काढले. आत पाहिलं तर बटणाच्या दांड्याच्या टोकाला पेढ्याएवढी एक पत्र्याची डबी. तिचे कान सुरीनं उचकटले. आत एक काळी कडी, आणि तिच्यावरून फिरणारी पितळेची जीभ. बस, एवढंच यंत्र! जीभ कडीवरून सरकते तसा आवाज कमीजास्त होतो. आणि त्या जिभेखाली आमच्या सरस्वतीचा सगळा नैवेद्य. हळद, कुंकू, तेल, आणि एक अख्खी अक्षता! तांदळाचा दाणा, जसाच्या तसा!

स्टोव्ह पेटवायचं स्पिरिट होतंच. फुलवाती वळून ठेवलेल्या होत्या. वात भिजवायची, कडीवरून अलगद फिरवायची, टाकायची. पहिली पिवळीजर्द आली, मग लाल, मग काळपट, मग कोरी. वाळू दिलं, डबी मिटली, फळी लावली, प्लग घातला. देवाचं नाव घेतलं आणि बटण फिरवलं.

काय सांगू! कुठेही खरखर नाही. आवाज असा चढला आणि असा उतरला, लोण्यातून सुरी फिरावी तसा. कुणीतरी बासरी वाजवत होतं, त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. मला रडू आलं. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, आणि तेव्हा बँडही होता.

संध्याकाळी हे आले. मी नुसता सेट लावला. तात्यासाहेब म्हणाले, वा, मुरलं वाटतं तेल! यांनी कान दिला, कपाळाला आठी घातली, बटण मागेपुढे केलं. म्हणाले, "थोडी आहे अजून."

आहे म्हणजे? कुठे? "आहे," म्हणाले.

फळी मी उघडली होती हे सासूबाईंनी दुपारीच सांगून टाकलं असणार. बायकोच्या हातून नीट झालं म्हटलं तर जिभेला फोड येईल ना!

मंगळवार, २३ नोव्हेंबर

सकाळ-संध्याकाळ लावून पाहते. स्वच्छ. सासूबाईंना विचारलं, स्वच्छ. तात्यासाहेब, स्वच्छ. भाजीची गाडी घेऊन जाणारा शाकवाला थांबून भजन ऐकून गेला, तोही काही म्हणाला नाही. एक आमचेच हे! "थोडी आहे."

शुक्रवार, २६ नोव्हेंबर

उद्या.  आमटीत मीठ दोनदा पडलं, यांनी ती तशीच खाल्ली. यांचंही लक्ष ताटात नसावं.

रविवार, २८ नोव्हेंबर

काल लिहिणं शक्यच नव्हतं. आज लिहिते.

संध्याकाळी सगळे लवकरच येऊन बसले. तात्यासाहेब धुतलेलं उपरणं घालून. सासूबाई देवापुढे दिवा लावून इकडे आलेल्या. हे सेटसमोर, अगदी जवळ, गुडघे टेकतील इतके जवळ. नाव सांगितलं — कुमारी निरुपमा. आडनाव जरा चुकवलं. असू दे. तानपुरा आला, आणि मग तिचा षड्ज.

मी काही गाण्यातली नाही. पण वीस वर्षं या घरात स्वरच ऐकते आहे, बाकी ऐकण्यासारखं मला कुणी काही सांगितलेलं नाही. तो षड्ज खरा होता. इथे अंगणात बसून गायची तेव्हा तिचा आवाज वर जाताना जरासा बिचकायचा. काल बिचकला नाही. वर गेली, तिथे थांबली, आरामात उतरली. माझी निरू! खरखर नाही, गुरगुर नाही. मी बटणावर हात ठेवून बसले होते, काही झालंच तर म्हणून. काही झालं नाही.

संपलं तेव्हा तात्यासाहेब उपरण्यानं डोळे पुसत होते, आणि त्या गृहस्थांनी गाणं चालू असताना एक अक्षर काढलं नव्हतं. सासूबाईंनी मीठमोहऱ्या आणून रेडिओवरूनच तिची दृष्ट काढली. मी हसले आणि यांच्याकडे पाहिलं.

चेहरा राख झाला होता.

"वर फाटली," म्हणाले. "वरच्या स्वरांत नुसती खर आहे. स्वर नाहीच. गळा घालवला पोरीनं."

 मग तात्यासाहेबांकडे वळून म्हणाले, गुरुवारी वाघोडियाला जाणार आहात ना? आमचा होकार सांगा.

सोमवार, २९ नोव्हेंबर

मी यांच्याशी बोलत नाही. तसा फारसा फरक पडलेला नाही.

संताप, संताप, संताप! काय ऐकलं या माणसानं? आम्ही सगळे बहिरे, आणि हे एकटे जाणते? तात्यासाहेबांना बाहेर ओट्यावर गाठून विचारलं, खरं सांगा, फाटली होती का? ते म्हणाले, मला तर फार गोड वाटलं, पण वामनरावांपुढे आपण काय बोलणार, दरबारात वाजवलेला माणूस. सगळं शहर असंच म्हणतं. दरबारात वाजवलेला माणूस! त्याच्या तोंडून निघालं की संपलं.

भावाची तार आली. निरूचे गुरुजी प्रसन्न आहेत, स्टेशनवाले परत बोलावताहेत. तार यांच्यापुढे ठेवली. वाचली आणि म्हणाले, गुरू शिष्येची स्तुती करणारच.

दुर्गाला आज दारातूनच परत पाठवली.

मंगळवार, ३० नोव्हेंबर

जेवण दोन घास. दिलरुबा खोळीतून काढला, मांडीवर घेतला, गज न लावताच परत ठेवला. मला वाटलं मनाला लागलंय. मुलगी वाया गेली असं खरंच वाटतंय यांना, सोंग नाही हे. मग माझीच मला शंका यायला लागली. डबीत काही राहिलं असेल का? माझ्या कानाला न येणारं, यांच्या कानाला येणारं? शेवटी जाणता माणूस. उद्या पुन्हा उघडून पाहते. परवा सकाळी तात्यासाहेब वाघोडियाला निघतील.

बुधवार, १ डिसेंबर

दुपारी प्लग काढून सेट उघडला. डबी लख्ख होती, एक कणसुद्धा नाही. फळी परत लावत होते तेवढ्यात हे अवेळीच शाळेतून आले, झोपाळ्यावर बसले, आणि दोन्ही कानांवर हात दाबून म्हणाले, "बंद कर गं तो. खरखर सोसत नाही."

प्लग माझ्या हातात होता.

मी तो वर करून त्यांना दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन पाहिला. मग अगदी हळू विचारलं, "तुला येत नाही का ऐकू?"

मी म्हटलं, "नाही."